पाण्यातून निघालेली व्हॅन

पाण्यातून निघालेल्या गाडीविषयी मोठी पंचाईत ही असते की, ती तक्रार करीत नाही. फरशी पुलावरून वाहणारे पाणी कापीत ती पैलतीरी येते, दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर ब्रेक पूर्ववत लागू लागतात, इंजिनाचा सूर बदललेला नसतो, आणि चालक स्वतःच्या कौशल्यावर प्रसन्न होऊन पुढची वाट धरतो. पाण्याने चाकाच्या अंतर्भागात जे काही करून ठेवलेले असते त्याचा बोभाटा मात्र कित्येक आठवड्यांनी, क्वचित दिवाळीच्या सुमारास, सारे रस्ते कोरडे ठणठणीत झाल्यावर होतो. आणि तोवर त्या घरघरीचा संबंध आषाढातल्या एखाद्या ओढ्याशी जोडण्याइतकी स्मृती ना चालकापाशी उरलेली असते, ना मालकापाशी. म्हणून अशा गाड्या तपासणाऱ्या कारागिराला एक विलक्षण भूमिका पत्करावी लागते: ज्या यंत्राचे सर्व काही ठीक चालले आहे, त्याच्यावरच त्याला संशय घ्यावा लागतो.

मुळशी तालुक्यात असा प्रसंग अपवादात्मक म्हणता येणार नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात, २५ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहराला सबंध वर्षात सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मिळतो हे ध्यानी घेतले, म्हणजे घाटमाथ्यावरचे एक अहोरात्र काय असते याची अटकळ बांधता येईल. पौडहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने, डोंगराला बिलगून जातो. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि ज्याचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजगृहासाठी सुमारे पाचशे मीटर खाली उतरविले जाते, त्याचाच हा जलाशय. डोंगरावरून येणाऱ्या प्रत्येक ओहळाला तेथे रुजू व्हावयाचे तर मध्ये रस्ता ओलांडणे प्राप्तच असते, आणि जेथे मोरी अपुरी पडते तेथे तो रस्त्यावरूनच वाट काढतो. धरण भरले की मुळा नदीच्या पात्रात विसर्ग सोडल्याचा इशारा नदीकाठच्या गावांना दिला जातो आणि सखल पूल रहदारीला बंद होतात. बंद होतात म्हणजे तसा हुकूम निघतो. हुकूम आणि वहिवाट यांच्यामध्ये जे अंतर असते त्यातून या मुलखातल्या पुष्कळ गाड्या ये-जा करतात.

पाणीही सर्वत्र एका जातीचे नसते. घाटाकडच्या ओढ्यांचे पाणी वेगवान, पण बरेचसे निवळ; भातलावणीच्या दिवसांत खाचरांतून उतरणारे पाणी मात्र चिखलणी केलेल्या जमिनीची इतकी बारीक माती घेऊन येते की, ती बोटांत चोळली तरी कण हाताला लागत नाही. आणि याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडी-माणच्या संगणकनगरीत, २०२५ च्या जूनमध्ये रस्त्यांवर जे तुंबले ते तर गटाराचे, तेलाचे आणि बांधकामाच्या राडारोड्याचे पाणी. बेअरिंगच्या दृष्टीने पाहू गेल्यास ओढ्याच्या वेगवान पाण्याची चालकाला जी धास्ती वाटते तिच्यापेक्षा या निपचित पडलेल्या, घोटाभर, निरुपद्रवी दिसणाऱ्या पाण्याची अधिक वाटली पाहिजे. पण त्याला कोणी पाणी म्हणून मोजतच नाही.

पिरंगुटच्या आसपास कारखाने आहेत, आणि त्यांच्या पाळ्यांना कामगार पोहोचविणाऱ्या व्हॅन पहाटेपासून खोऱ्याखोऱ्यांतून निघतात. त्यांपैकी एक, जुन्या धाटणीची, मागच्या चाकांना गती मिळणारी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली व्हॅन पौड रस्त्यावरच्या एका गॅरेजात तपासणीसाठी आली तेव्हा मी तेथे हजर होतो, आणि काम संपेपर्यंत एका उपड्या डब्यावर बसून राहण्याची मुभा मिस्त्रीने मला दिली. गाडीला हात लावण्यापूर्वी त्याने चालकाची रीतसर जबानी घेतली.

"किती पाणी होतं?"

"लई नाय, मिस्त्री. टायर काय बुडाला नाय."

"टायरचं नको सांगू. हब बुडाला का?"

चालक, पंचविशीतला पोरगा, जरा घुटमळला. "बुडाला असंल."

"पाण्यात उभा राहिलास?"

"पुढं ट्रॅक्टर अडकलेला. पाचेक मिनिटं."

"ब्रेक तापलेले होते?"

"वरनं उतरूनच आलो की."

"आणि रात्री गाडी कुठं लावली? हँडब्रेक ओढून?"

"दारात. उतार हाय तिथं, ओढावाच लागतो."

मिस्त्रीने मान हलवली. या चार-पाच प्रश्नांत पुढच्या साऱ्या कामाची तजवीज झालेली होती, हे मला मागाहून उमगले. पहिला प्रश्न खोलीचा. लहान चाकांच्या व्हॅनचा हब जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर असतो. पाणी त्याच्या खाली राहिले तर ब्रेक भिजतात पण बेअरिंगला सहसा बाधा होत नाही, आणि ते हबच्या वर गेले तर चारही चाके उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. (वाहते पाणी फूटभर असले तरी हलकी गाडी उचलून धरू शकते आणि दोन फुटांचे असले तर बहुतेक गाड्यांना वाहून नेते, तेव्हा बेअरिंगची काळजी करण्याचे भाग्य लाभावयाचे असेल तर मुळात पलीकडचा काठ गाठला पाहिजे, ही गोष्ट अलाहिदा.) दुसरा प्रश्न मुदतीचा, चालत्या गाडीच्या चाकांवरून पाणी निघून जाते, उभ्या गाडीत त्याला फटी शोधण्यास सवड मिळते.

तिसरा प्रश्न उष्णतेचा, आणि माझ्या मते तो सर्वांत मर्माचा. हबच्या तोंडाशी रबराचे जे सील असते त्याचे मुख्य काम आतले ग्रीस बाहेर जाऊ न देणे हे आहे. बाहेरच्या पाण्याचा दाब सोसण्याची जबाबदारी त्याच्यावर पूर्णांशाने कधी टाकलेलीच नसते. उतारावर ब्रेक लावीत आलेल्या गाडीचा हब तापतो, त्याच्या पोकळीतील हवा प्रसरण पावते आणि तिच्यातील काही सीलच्या ओठाखालून बाहेर निसटते. असा तप्त हब एकाएकी थंड पाण्यात बुडाला की, आत उरलेली हवा आकसते, पोकळीत किंचित निर्वात उत्पन्न होतो, आणि ज्या ओठाखालून हवा बाहेर गेली त्याच ओठाखालून पाणी आत ओढले जाते. तात्पर्य, पाणी आत घुसते असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा चाकानेच ते प्राशन केलेले असते. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून हब निवू द्यावा, हा साधा उपाय यातून निघतो. पण पाळीचा भोंगा व्हायला आलेला असताना, मागे बारा माणसे बसलेली असताना तो पाळणारा चालक मला तरी भेटलेला नाही.

मग मिस्त्री स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर गेला. काचा खाली, पंखा बंद, रेडिओ बंद. बेअरिंगचा आवाज इंजिनाच्या नव्हे तर चाकाच्या गतीशी बांधलेला असल्यामुळे सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घालून नुसती वाहू दिली तरी तो टिकून राहतो. टायरचा आवाज डांबर आणि काँक्रीट यांवर निरनिराळा येतो, बेअरिंगचा बदलत नाही. मोकळी जागा पाहून त्याने गाडी डावी-उजवीकडे हलक्या हाताने झुलवली. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, उजवीकडे वळताना डाव्या. ज्या बाजूवर भार पडल्यावर घरघर वाढते त्या बाजूचे चाक दोषी. आमच्या व्हॅनमध्ये असा काहीच आवाज नव्हता. चालकाने मागच्या आसनावरून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मात्र पहिल्या ब्रेकला गाडी डावीकडे खेचली गेली, दुसऱ्याला जराशी कमी, आणि त्यानंतरही तो कल पुरता गेला नाही. नुसता ओलावा असता तर हळू वेगात पेडल अलगद दाबून ठेवल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो वाळून गेला असता. गाडी डावीकडे जाते याचा अर्थ उजवा ब्रेक कमी लागतो, एवढे बोलून मिस्त्रीने गाडी परत वळवली.

मागच्या चाकांना दगड लावून, पुढची बाजू जॅकवर उचलून, तिच्याखाली लोखंडी घोड्या सरकविल्यावरच त्याने हाताखालच्या पोऱ्याला गाडीजवळ येऊ दिले. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरण्याबाबत या गॅरेजात सक्त मनाई होती, आणि इतर बाबतींत बऱ्यापैकी ढिलाई असलेल्या जागी एवढा एक नियम काटेकोर पाळला जातो हे पाहून मला बरे वाटले. मग त्याने चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवले. उजव्या चाकात अतिशय सूक्ष्म, ऐकू येण्यापेक्षा तळहाताला कळावी अशी हालचाल होती. "प्ले आहे," तो म्हणाला, आणि पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवले, हालचाल थांबली. ब्रेक दाबल्यावर हब आणि त्यामागचा सांगाडा एकमेकांस जखडले जातात, म्हणून तसे केल्याने प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये, आणि तसाच राहिला तर तो पुढच्या जोडांत शोधावा लागतो. तीन आणि नऊच्या जागी धरून हलविल्यास स्टिअरिंगच्या दांड्यांची परीक्षा होते. त्या ठीक होत्या. शेवटी एका हाताने चाक फिरवीत दुसऱ्या हाताची बोटे त्याने स्प्रिंगवर टेकवली. बेअरिंगमधील खरखर कानाला कळण्यापूर्वी धातूतून बोटांना कळते. मीही बोटे टेकवून पाहिली. मला काही कळले नाही.

चाक निघाले, कॅलिपर उतरला. तो त्याने रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने वर बांधून ठेवला, कारण त्या नळीला आतून इजा झाली तर ती बाहेरून दिसत नाही. हबची पत्र्याची टोपी, मग स्प्लिट पिन, मग नट, आणि मग बाहेरचे बेअरिंग तळहातावर आले. ग्रीस तपकिरी, नितळ, जसे असावे तसे होते. चालक पुन्हा उल्हसित झाला. पण हब ओढून काढल्यावर आतल्या बाजूला, सीलच्या लगत, जे दिसले त्याचा रंग निराळा होता: पांढुरके, फेसाळ, ताकासारखे. पाण्याचे सूक्ष्म थेंब ग्रीसमध्ये घुसळले गेले की असा रंग येतो. आजच्या लिथियम ग्रीसला थोडे पाणी पोटात घेऊनही आपला घट्टपणा राखता येतो, आणि तीच खरी फसवणूक. ते जागेवरून वाहून जात नाही, पण रोलर आणि त्याची वाट यांच्यामध्ये तेलाचा जो अत्यंत पातळ पडदा टिकवून धरणे हे त्याचे कर्तव्य, त्यात ते कसूर करू लागते.

रॉकेलच्या थाळीत बेअरिंग धुऊन स्वच्छ झाल्यावर मिस्त्रीने ते कॉम्प्रेसरच्या हवेने गरागरा फिरवून वाळविले नाही, तशी पुष्कळ ठिकाणी खोड आहे. विनावंगण अवस्थेत त्या वेगाने फिरविलेल्या बेअरिंगचे पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात, आणि रोलर जाळीतून निसटला तर तो बंदुकीच्या गोळीहून फारसा वेगळा राहत नाही. फडक्यावर निथळू देऊन, दारातल्या उजेडात, त्याने एकेक रोलर फिरवून पाहिला. निळसर झाक दिसली तर बेअरिंग तापून त्याच्या पोलादाचा पाणेदारपणा गेलेला असतो. पृष्ठभागाचे टवके निघाले असतील तर त्याचे आयुष्य संपलेले असते. येथे यांपैकी काही नव्हते. परंतु आतल्या बेअरिंगच्या कपावर, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर, तळाच्या बाजूला, रोलरांमधल्या अंतराइतक्याच अंतराने तीन-चार काळपट आडव्या रेघा होत्या. त्या रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या होत्या. चाक थांबले की प्रत्येक रोलर कपावर जेथे टेकतो तेथे पाणी केशाकर्षणाने अडकून बसते, आणि सकाळपर्यंत पोलादावर आपली खूण कोरते. मिस्त्रीने नखाचे टोक त्या रेघांवरून आडवे ओढले. पहिल्या दोनांवरून नख सरळ गेले. तिसऱ्यावर किंचित अडले.

"जाणार हे," तो म्हणाला.

"आवाज तर नव्हता, मिस्त्री."

"आज नाही. ती रेघ उद्या खड्डा होणार. मग आवाज येईल, मग तू मला फोन करशील, आणि मी ताम्हिणीत यायचो नाही."

हा जो संवाद झाला त्यात या धंद्याची सारी अर्थव्यवस्था सामावलेली आहे. सील, मूठभर ग्रीस आणि एक बेअरिंग यांचा खर्च मोठा नसतो. मोठा असतो तो गाडी उभी राहण्याचा. बुडालेली खेप मालकाच्या जमाखर्चात त्याच संध्याकाळी दिसते, वाचलेला हब कोणत्याही वहीत कधीच दिसत नाही. त्यामुळे पाण्यातून आलेल्या गाड्यांपैकी फारच थोड्या अशा उघडल्या जातात, आणि ज्या उघडल्या जातात त्यांतही प्रत्येक वेळी मिस्त्रीला आपण उगाच काम वाढवीत नाही हे सिद्ध करून दाखवावे लागते. त्याने तो कप चालकाच्या हातात दिला आणि त्याचे नख त्याच रेघेवरून ओढायला लावले. मला हे प्रात्यक्षिक दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे वाटले.

या बेअरिंगात असतात तसे शंकूच्या आकाराचे रोलर वापरण्याची युक्ती मोटारीच्या कारखान्यातून आलेली नाही. अमेरिकेतील सेंट लुई शहरी घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन या कारागिराने १८९८ साली तिचे पेटंट घेतले, आणि त्याच्यापुढचा प्रश्न होता तो जड गाडा वळताना चाकावर जो बाजूचा रेटा येतो त्याचा. सरळ रोलर वरचा भार पेलतो, बाजूचा रेटा त्याला सोसत नाही. तिरक्या बसविलेल्या शंकूला दोन्ही सोसतात. आपल्याकडच्या बैलगाडीने हाच प्रश्न चाकाला आसावर भरपूर मोकळीक देऊन आणि वरचेवर वंगण घालून सोडविला होता. तिला ओढा ओलांडल्याचे दुःख नसे, कारण तिच्या चाकात जपण्याजोगे असे काही नव्हतेच. गाडीवान पैलतीरी वंगण घाली आणि बैलांना हाक मारी. वेग वाढला तसे चाकाचे अंतरंग नाजूक होत गेले, आणि मिलिमीटरच्या शतांशांचा हिशेब सुरू झाला.

नवे बेअरिंग आले ते कप आणि कोन अशा जोडीनेच. जुन्या कपात नवा कोन बसवून पैसे वाचविण्याची सूचना चालकाने करून पाहिली आणि ती ताबडतोब नामंजूर झाली. मग ग्रीस भरण्याचा विधी. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेअरिंग, आणि त्याची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबून दाबून ओढायची, इतकी की ग्रीस रोलरांच्या मधून वर येऊन पलीकडच्या कडेने बाहेर डोकावले पाहिजे; मग थोडे फिरवून पुन्हा तेच. वरवर चोपडलेले ग्रीस बेअरिंगच्या उपयोगाचे नसते. उलटपक्षी हबची सबंध पोकळी ग्रीसने ठासून भरणे हेही शहाणपणाचे नव्हे, कारण तापल्यावर त्याला फुगायला जागा लागते आणि ती न मिळाल्यास ते सील फोडून ब्रेकवर उतरते. नवे सील लाकडी ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकत बसवले, त्याच्या ओठाला आधी ग्रीसचे बोट फिरवून.

नट आवळण्यात जो संयम लागतो तो मी अन्यत्र कमी पाहिला आहे. चाक सतत फिरवीत नट घट्ट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी स्थिरावतात. मग तो पूर्ण सैल करायचा. आणि मग पान्याविना, केवळ बोटांच्या जोराने लागेल तितका लावून, स्प्लिट पिनेचे भोक जुळविण्यासाठी फिरवावाच लागला तर सैल बाजूला फिरवायचा. नवशिक्याला प्ले दिसला की नट आवळण्याचा मोह होतो. सैल बेअरिंग आवाज करते, अति आवळलेले मुकाट्याने जळते. कंपन्यांच्या कार्यशाळांत हा प्ले डायल गेजने मोजतात. येथे बोटांनी मोजला. बोटे अधिक अचूक असा दावा मी करणार नाही, पण ज्याने ती वर्षानुवर्षे या एकाच प्रश्नासाठी वापरली आहेत त्याच्याशी वाद घालण्याचीही माझी तयारी नाही. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हा सारा व्यवहार उरलेला नाही. तेथे बेअरिंग कायमचे मोहोरबंद असते, ते उघडता येत नाही, ग्रीस पाहता येत नाही, फक्त ऐकायचे, हलवायचे आणि बदलायचे. सोय झाली हे खरे. त्याबरोबर नखाने रेघ शोधण्याची संधीही गेली.

उजव्या ब्रेकच्या दुखण्याचे मूळ लगेच सापडले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांपैकी खालच्या पिनेचे रबरी आवरण फाटलेले होते आणि त्यात भातखाचराची ती बारीक माती जाऊन बसली होती; पिन अडकली, म्हणून एका बाजूचा पॅड दाबला जाई, दुसऱ्या बाजूचा नुसता टेके. पिन साफ करून, नवे आवरण घालून, तिच्यासाठीचे वेगळे ग्रीस लावून काम संपले. डिस्कवर आलेल्या गंजाच्या तांबूस पापुद्र्याकडे कोणी लक्षही दिले नाही. तो दोन ब्रेकांत निघून जातो. डिस्क उघडी असते, पाणी तिच्यावर ठरत नाही.

ड्रमचे तसे नाही. तो झाकलेला असतो, आणि झाकलेली वस्तू पाणी उशिरा आत घेते तशी उशिरा सोडते. मागचा डावा ड्रम पाट्याच्या हातोड्याने हलके ठोकूनही येईना. हँडब्रेक ओढून रात्रभर उभ्या केलेल्या गाडीचे ओले लायनर गंजाने ड्रमला चिकटले होते, आणि सकाळी चालकाने तो जोर लावून सोडवला तेव्हा लायनरचा काठ ठिकठिकाणी ढलपला होता. ड्रम निघाला तेव्हा तळाशी गाळ साचलेला दिसला. हा गाळ ड्रम आणि लायनर यांच्यामध्ये फिरत राहिला की दोघांनाही खरवडतो; ड्रमच्या आतल्या कडेवर त्याच्या वर्तुळाकार ओरखड्यांना सुरुवात झालेली होती. पोऱ्या वाळलेली भुकटी फुंकर मारून उडवू लागताच मिस्त्रीने त्याला हटकले आणि पाणी ओतून ओल्या फडक्याने पुसायला लावले, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि आजच्या लायनरांची धूळही फुप्फुसाला मानवणारी नव्हे. व्हील सिलिंडरचे रबर त्याने पान्याच्या टोकाने जरासे उचलून पाहिले. आत ओल असेल तर ती पाण्याची की ब्रेक ऑइलची हे बोटांना कळते. कोरडे होते. लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदलावे लागणार होते. एकाच बाजूचे बदलले तर दोन चाकांची पकड विषम होते, आणि ओल्या उतारावर मागची चाके विषम पकडली गेली तर गाडी आडवी फिरू शकते.

ब्रेक ऑइलविषयी एक गैरसमज या निमित्ताने सांगण्याजोगा आहे. ओढा ओलांडल्याने ते खराब होते असे चालक मानतात. वस्तुतः हे द्रव हवेतील बाष्प स्वभावतःच शोषून घेत असते, आणि मुळशीसारख्या दमट मुलखात ते काम पाण्यात न उतरताही अव्याहत चालू राहते. ओढ्याचे पाणी त्यात शिरावयाचे तर ऑइलची डबीच बुडाली पाहिजे. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरला तरी नियमात बसतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ताम्हिणीतून कोकणात उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवणाऱ्या गाडीत चाकाजवळचे द्रव इतके तापू शकते की त्यातले पाणी वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. या व्हॅनचे ऑइल काळसर झाले होते आणि ते केव्हा बदलले याचा दाखला कोठेच नव्हता. म्हणून ते काढून नवे भरले, चारही चाकांतून एअर काढली, आणि मालकाला फोनवर कारण सांगताना मिस्त्रीने ओढ्याचे नाव मुद्दाम घेतले नाही.

राहता राहिला क्राऊन, म्हणजे मागच्या धुरीच्या मध्यावरचा गिअरांचा गोलक. हबला जो नियम तोच त्यालाही. तो तापलेला असताना बुडाला तर वरच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी ओढून घेतो. पाणी तेलापेक्षा जड असल्याने गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाशी बसते, म्हणून खालचा नट एकदम न काढता केवळ सैल करायचा आणि प्रथम काय टपकते ते पाहायचे. प्रथम दोन-तीन स्वच्छ थेंब आले; मग तेल आले, तेही काळे, दुधाळ नव्हे. फारसे आत गेलेले नव्हते. तरीही तेल बदलले, आणि चिखलाने बुजलेला ब्रीदर काढून धुतला.

लायनरचा दुसरा जोड पुण्याहून यावयाचा होता, तेव्हा त्या दिवशीची दुसरी पाळी दुसऱ्या गाडीने नेली. दुसऱ्या सकाळी लायनर बसले, हँडब्रेकची केबल मोकळी करून तेल पाजले, आणि पौडपर्यंत जाऊन-येऊन मिस्त्रीने चारही हबना पाठीमागून हात लावून पाहिले. चारही कोमट, आणि सारखे कोमट. उजवा पुढचा इतरांहून गरम असता तर नट पुन्हा उघडावा लागला असता. गाडी ब्रेकला सरळ थांबत होती.

"शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट परत आवळून घे," त्याने चालकाला सांगितले. "नवे लायनर बसेपर्यंत घाटात ब्रेकवर उभा राहू नको, दुसऱ्या गिअरमध्ये उतर. आणि रात्री दारात हँडब्रेक नको. गिअर टाक, चाकाला दगड लाव."

"दगड पोरं उचलून नेत्यात, मिस्त्री."

"मग दोन लाव."

चालकाने गॅरेजच्या कोपऱ्यातले दोन ओबडधोबड दगड उचलले, मागच्या आसनाखाली टाकले आणि गाडी बाहेर काढली.